पौलाचं पत्र आणि अण्णांची गाणी

आमच्या घरी जेवणाआधी प्रत्येकानं पवित्र शास्त्रातलं एक वचन म्हणायचं, अशी बाबांची शिस्त होती. भाकरी गरम असली की सगळ्यांना नेमकी लहान वचनंच आठवायची. मी तर दोन शब्दांचं एक वचन कायमचं धरून ठेवलं होतं. बाबा रोज हसू दाबून म्हणायचे, "शांते, शास्त्र एवढंच न्हाय गं." तोवर आईनं तव्यावरची भाकरी टोपल्यात टाकलेली असायची आणि अंबाडीच्या भाजीवरच्या लसणाच्या फोडणीचा वास घरभर फिरत असायचा. मग प्रार्थनेत माझं लक्ष देवाकडं किती आणि भाजीकडं किती, हे त्या देवालाच ठाऊक. आमचं गाव ढोकीपासून कोसा-दीड कोसावर, तेरणेच्या अंगाला. पुढं ढोकीला साखर कारखाना आला आणि तो सगळा भाग उसाच्या ट्रॅक्टरांनी गजबजून गेला. मी सांगते आहे तेव्हा मात्र तिथं निजामाचं राज्य होतं, रानात ज्वारी आणि करडई होती, आणि दिवसातून एकदा छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी ऐकू आली की माणसं कामावरून मान वर करून वेळ ठरवायची. आमची वस्ती गावाच्या कडेला. पाच-पंचवीस ख्रिस्ती घरं, एक कौलारू प्रार्थनाघर, आणि त्याला लागून उपदेशकासाठी मिशननं दिलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत आम्ही राहत होतो.

उपदेशक म्हणजे माझे बाबा. पण ही ख्रिस्ती मंडळी उभी केली ती माझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी. सगळा गाव त्यांना याकोब अण्णा म्हणायचा. ख्रिस्ती होण्याआधी ते एकतारीवर भजनं म्हणत गावोगाव हिंडायचे. ख्रिस्ती झाल्यावर एकतारी तीच राहिली, चाली त्याच राहिल्या, देव तेवढा बदलला. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडची जुनी रीत, ती त्यांनी सोडली नाही. त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'दास याकोब' यायचाच. बारसं असो, लग्न असो, माती असो, आमच्या मंडळीत अण्णांच्याच गाण्यानं सुरुवात व्हायची. मी अण्णांना थोडंसंच पाहिलं. त्यांची मांडी, त्यांच्या तपकिरीचा वास आणि एकतारीच्या भोपळ्याला कान लावला की आतून येणारा आवाज, एवढंच आठवतं. ते गेले तेव्हा वस्तीत दोन दिवस कुणाच्या घरी चूल पेटली नाही. मग बाबांच्या हाती मंडळी आली. बाबांना लहानपणी अण्णांनीच वाटेवरून उचलून आणलं होतं, शिकायला सोलापूरला धाडलं होतं आणि पुढं पोरगीही दिली होती. अण्णांचा विषय निघाला की बाबांचा आवाज खाली यायचा.

आता गंमत ऐका. अण्णा गेले तरी त्यांची गाणी काही संपेनात. महिना-दोन महिन्यांनी आई पाण्याच्या वाटेवर किंवा दळताना एखाद्या बाईला म्हणायची, "अगं, अण्णांचं येक आठवलं बघ." की झालं. संध्याकाळपर्यंत ते गाणं वस्तीभर झालेलं असायचं, आणि रविवारी बाबा डोळे मिटून म्हणायचे. सगळ्यांना वाटायचं, लेकीच्या पोटात बापाचा केवढा साठा आहे! तो साठा कुठून येतो हे मला ठाऊक होतं. कारण पहाटे जात्याच्या खुंट्याला एक हात तिचा असायचा आणि एक माझा. ती गुणगुणायला लागायची, अडायची, शब्द बदलून बघायची, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. आठवणारा माणूस असा शब्द बदलत बसत नाही, एवढं मलाही कळत होतं. एकदा मी विचारलं, "आई, हे तू करतीस व्हय?" तिनं मूठभर ज्वारी जात्यात टाकली आणि म्हणाली, "दळ गुमान. पीठ जाड यायलंय." मी पुन्हा विचारलं नाही. पण पुढं मी तिच्या अडलेल्या ठिकाणी शब्द पुरवू लागले, आणि चांगला असला की ती घेऊ लागली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुखाच्या पहाटा त्याच, हे मी आज लातूरच्या फ्लॅटमध्ये मिक्सरच्या आवाजात बसून लिहिते आहे. सून चांगली आहे, मिक्सरचा काही दोष नाही.

खरं तर कुणी नीट कान दिला असता तर चोरी तेव्हाच उघडी पडली असती. अण्णांच्या गाण्यांत मोट, मोटेचा नाडा, बैल, वाट. आईच्या गाण्यांत सूप, चाळणी, उखळ, तवा, राख. अण्णांनी जन्मात कधी सूप हाती धरलं नव्हतं. पाणीसुद्धा बसल्या जागी मागायचे. असा माणूस पाखडण्यातल्या खाचाखोचा गाण्यात कुठून आणील? पण आमच्या मंडळीतल्या पुरुषांना स्वयंपाकघर कधी दिसलंच नाही, तर गाण्यातलं कुठून दिसणार!

बाबांना मात्र शब्दांचा भारी नाद. परत विलायतेला निघालेल्या एका साहेबानं त्यांना पवित्र शास्त्रावरचा एक जाडजूड इंग्रजी टीकाग्रंथ देऊन टाकला होता. संध्याकाळी भाकरी खाऊन झाली की ते तो मांडीवर घ्यायचे, एकेका ओळीला बोट लावायचे आणि त्यांच्या तुटपुंज्या इंग्रजीला त्यातलं जे सापडेल ते आम्हाला सांगायचे. त्यात होतं, की शास्त्रात पौल प्रेषिताच्या नावावर जी पत्रं आहेत ती सगळीच पौलाची आहेत असं पंडित मानत नाहीत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर लिहिणाऱ्याचं नावच नाही, लोकांनी आपलं पौलाच्या खात्यात घातलं. आणि पौलाच्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेली पत्रं. त्यातले शब्द वेगळे, वाक्यं वेगळी, मंडळीची घडीही पुढच्या काळातली. म्हणून पुष्कळांचं मत असं, की पौल गेल्यावर त्याच्या कुणा शिष्यानं गुरूच्या नावानं ती लिहिली असावीत. हे वाचून बाबा दोन दिवस त्या ग्रंथाला शिवले नाहीत. तीमथ्याचं दुसरं पत्र त्यांचं सर्वांत लाडकं. म्हातारा गुरू बंदीत आहे, आपलं संपत आलं हे त्याला कळलंय, आणि तो लेकासारख्या शिष्याला शेवटचं सांगतोय, असं ते पत्र.

वाणगल्लीत शिवप्पा म्हणून लिंगायत दुकानदार होता, घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी बोलणारा. बाबा गूळ-मिठाला गेले की त्याच्याशी देवाधर्माचं बोलत उभे राहायचे, तो ओट्यावर आणि बाबा खाली रस्त्यात. बाबांनी त्याला हे कोडं घातलं, तर तो वजनाचा काटा हातात धरून म्हणाला, "मास्तर, ह्यात अवघड काय? आमच्या वचनांत करणारा आपलं नाव घालतच न्हाय, देवाचं घालतो. मोठ्याच्या नावानं बोलावं, हा अदब झाला." बाबा हसतच घरी आले. त्या दिवसापासून त्यांचं ठरलं. शिष्यानं लिहिलं असेल तर असेल, पत्र काही कमी होत नाही. हे ते आम्हाला जेवताना सांगत होते आणि आई त्यांच्या ताटात आमटी वाढत होती. पळी जराशी थबकली, मग तिनं आणखी एक पळी वाढली.

इथवर सगळं घरातलं. पण त्या वर्षी मिशननं ठरवलं, की आमच्या मंडळीला आता दीक्षित पाळक हवा. नुसत्या उपदेशकाला बाप्तिस्मा देता यायचा नाही, प्रभुभोजन देता यायचं नाही. बाबांची परीक्षा घ्यायची. पास झाले तर तेच पाळक. नापास झाले तर दुसरा माणूस येणार, आणि त्या दोन खोल्या, प्रार्थनाघर, अण्णांची मंडळी, सगळं त्याच्या हवाली करून आम्ही मिशन पाठवील तिकडं जायचं. परीक्षा ज्वारीची काढणी झाल्यावर, ढोकीच्या वार्षिक सभेत, सगळ्यांसमोर. आईनं आठवडाभर आधी धपाट्यांचं पीठ दळून ठेवलं आणि बाबांचं एकुलतं पांढरं धोतर दोनदा धुतलं. त्या दिवसांत भाकरी थापताना तिचे हात फार जोरात चालायचे.

सभेचा मांडव चिंचेखाली होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे पंचांची सतरंजी. मांडवामागं मोठ्या हंड्यात तुरीचं वरण उकळत होतं. पंचांत मिशनचा एक साहेब होता, स्वभावानं गरीब. मराठी चांगली बोलायचा, पण सगळ्यांना 'तू' म्हणायचा. तालुकदारालासुद्धा त्यानं एकदा 'तू बस' म्हटलं होतं, असं सांगायचे. पण खरा दरारा योहानराव मुन्शींचा. ते तालुक्याच्या कचेरीत उर्दू अर्ज लिहायचे, काळी शेरवानी घालायचे आणि कायदा सोडून बोलायचे नाहीत. त्यांचा मोठा मुलगा मागच्या सालीच तापानं गेला होता. सभेची सुरुवात गाण्यानं झाली, आणि ते त्यांनीच सांगितलं, कारण त्यांच्या मुलाच्या मातीला ते म्हटलं होतं:

सुपामध्ये माझा । जीव तू घातला ।
कोंडा उडविला । प्रभुराया ॥
दास याकोबाचा । दाणा हा उरला ।
तुझ्या हाती आला । आता देवा ॥

सगळा मांडव गात होता. मुन्शींनी रुमालानं डोळे पुसले. मी आईकडं पाहिलं, तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

परीक्षा छान चालली होती. बाबा सगळ्यांना धडाधडा उत्तरं देत होते. मग मुन्शींनी अगदी सोपा म्हणून प्रश्न विचारला, "तीमथ्याला दुसरं पत्र पौलानं कुठून लिहिलं?" शाळेतलं पोरही 'रोमच्या बंदीतून' म्हणालं असतं. बाबाही म्हणाले असते तर आमचं घर जागच्या जागी राहिलं असतं. पण खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. ते म्हणाले, "पत्रात तसंच लिहिलंय. पण ते पौलानंच लिहिलं, असं खात्रीनं सांगता येत न्हाय."

मांडवात कुजबूज झाली. मुन्शी सावरून बसले. "पत्राच्या पहिल्याच ओळीत पौलाचं नाव हाय. मग ते काय झूट हाय?"

"झूट न्हाय, मुन्शीजी. गुरू गेल्यावर त्याच्या शिष्यानं गुरूच्या नावानं लिहिलं असंल. गुरूनं जे शिकवलं तेच लिहिलं. माझ्या लेखी पत्राची किंमत तेवढीच राहती."

"दुसऱ्याच्या नावानं लिहिणं, ह्याला कचेरीत जालसाजी म्हणतात. माणूस तुरुंगात जातो." मुन्शींचा आवाज चढला. "आणि तुम्ही म्हणता पवित्र शास्त्रात जालसाजी हाय? उद्या हेच आमच्या पोराबाळांना शिकवणार?"

साहेबानं मध्ये पडून विचारलं, "तू हा शब्द मागे घेतोस काय?" बाबा उभेच होते. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला लांबून दिसत होता. ते म्हणाले, "मला जे खरं वाटतं ते सांगितलं. मागं कसं घेऊ?" मुन्शींनी दोन्ही हात पसरले, म्हणजे संपलं. मला एकदम आमची चूल दिसली, कोनाड्यातली अण्णांची एकतारी दिसली, आणि रडू आलं. बाबांचा रागही आला. एवढं एक नाव घ्यायला काय जात होतं, असं वाटलं. आज तसं वाटत नाही.

आमच्या सभेत बायका गायच्या, बोलायच्या नाहीत. कुणी तसा नियम केला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता. म्हणून माझ्या शेजारून आई उठली तेव्हा मला वाटलं ती मागं वरण बघायला चालली.

"मला येक इचारायचंय," ती म्हणाली. डोईवरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "मुन्शीजी, मघाशी तुमी जे गाणं सांगितलं, ते कुणाचं?"

मुन्शी गोंधळले. "बाई, तुमच्याच वडलांचं. अण्णांचं."

"त्यात नाव कुणाचं हाय?"

"दास याकोबाचं."

"ते म्या केलंय," आई म्हणाली. "अण्णा मातीत गेल्यावर. त्येंच्या मागं दोन पिकं निघाल्यावर."

मांडवामागं हंड्यातलं वरण रटरटताना ऐकू आलं. बाबांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्यांचा तो चेहरा मी कधी विसरले नाही.

"मग नाव त्यांचं का घातलं?" साहेबानं विचारलं.

"मग काय माझं घालू, सायेब? चाल त्येंची, देव त्येंनी दाखवला, गाणं कसं करावं त्येंनी शिकवलं. माझा हात तेवढा फिरला." मग ती मुन्शींकडं वळली. "ही जालसाजी असंल तर मला न्यावा कचेरीत. माझ्या मालकानला कशाला सुनावता? त्येंनी तर नुसतं सांगितलं. केलंय म्या."

मागं कुणीतरी बाई हसली आणि लगेच गप्प झाली. मुन्शी उठून उभे राहिले. मला वाटलं आता हे ओरडणार. पण ते आईकडं न बघता जमिनीकडं बघत हळू म्हणाले, "माझ्या पोराच्या मातीला म्हणलं, ते हेच?"

"हेच."

त्यांनी शेरवानीचं वरचं बटण उगीच काढलं, पुन्हा लावलं. "त्या दिवशी खड्ड्यात उडी घ्यावी वाटत होती मला," ते म्हणाले. "त्या गाण्यानं धरलं. आता ते झूट हाय असं म्हणायला माझी जीभ रेटत न्हाय." मग ते साहेबाकडं वळले. "लिहा, साहेब. पास." आणि जोडे घालून मांडवाबाहेर गेले, ते जेवायलाच परतले. वाढायला आई होती. त्यांनी दोनदा वरण मागून घेतलं. आमच्या भागात एवढी माफी पुरते.

उन्हं कलल्यावर आम्ही परत निघालो. बाबा पाळक झाले होते, बायकांनी आईला कुंकवाऐवजी शेवंतीची फुलं दिली होती, गाडीत धपाटे उरलेले होते. आनंदानं गावं अशी वेळ. पण बाबा बैलांचा कासरा उगीच आखडत, सैल सोडत बसले होते. नदी जवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "किती केलीस?"

"मोजली न्हाईत."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा इचारलं?"

"इतकी वर्षं मी डोळे मिटून म्हणतोय अण्णांची म्हणून!" त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि दुखणं जास्त होतं.

आई म्हणाली, "मघाशी मांडवात काय बोललात? नाव कुणाचं ह्येनं किंमत कमी होत न्हाय म्हणून?"

"मी पौलाचं बोलत होतो!" बाबा म्हणाले. मला हसू आलं आणि मी तोंड दाबलं. पण ते हसण्यावर नेण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, यावेळी फार सांभाळून, "आणि 'थकले हे पाय'?"

इथं गाडी जरा थांबवते, कारण त्या गाण्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अण्णा गेल्यावर तीन-चार वर्षांनी एका साली पाऊस गेला होता. वस्तीतली निम्मी माणसं पोटामागं बाहेर पडली, प्रार्थनाघरात रविवारी आम्हीच तेवढे उरलो. बाबा खचले. सोलापूरच्या गिरणीत जायचं त्यांनी नक्की केलं, गाठोडं बांधलं. आईनं अडवलं नाही, भांडली नाही. निघायच्या सकाळी ती जात्यावर बसली आणि मला म्हणाली, "ये, धर खुंटा." ते गाणं तिनं त्या पहाटे, माझ्यासमोर, एकही शब्द न बदलता केलं. बाबा गाठोडं उचलायला आत आले, तेव्हा ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "अण्णांनी जाताना तुमच्यासाठी सांगितलेलं येक ऱ्हायलं होतं," आणि म्हणू लागली. बाबांनी गाठोडं खाली ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून लहान पोरासारखे रडले. मग ते कुठंही गेले नाहीत. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य, लोकांची दुखणीखुपणी, तंटे, मध्यानीच्या पायपिटी, हे सगळं त्या एका गाण्याच्या आधारावर उभं होतं.

तर त्यांनी विचारलं, आणि मी आईकडं पाहिलं. भर सभेत सगळ्यांसमोर खरं बोलून आलेली बाई. ती माझ्याकडं बघत नव्हती, बैलांच्या पाठीकडं बघत होती.

"ते अण्णांचंच," ती म्हणाली.

बाबांनी एक मोठा श्वास सोडला. "व्हय," ते म्हणाले. "तसं दुसऱ्या कुणाला जमणारच न्हाय." आणि त्यांनी आपणहून गाणं धरलं, गाडी नदीत उतरत असताना:

थकले हे पाय । आता माझ्या लेका ।
सोडू नको एका । मेंढराला ॥
दास याकोबाचे । काम तुझ्या शिरी ।
राहा याच दारी । जन्मभर ॥

अण्णांच्या नावाशी आले आणि नेहमीसारखं त्यांना पुढं म्हणवेना. म्हणून ते शेवटचं कडवं आईनं एकटीनंच म्हटलं.